रुळांचं आयुष्य मोजलं, स्लॅबचं नाही

आजचा एपिसोड आईच्या एका फोनवरून सुचला. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. "अरे, जिन्यात पानी गळून राह्यलं," ती म्हणाली. धामणगाव रेल्वेला आमची बारा फ्लॅटची इमारत आहे, १९९७ ची. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गंजलेल्या सळयांची दुरुस्ती, कोटेशन आलं साडेसहा लाख. सोसायटीच्या खात्यात निघाले ५८ हजार. म्हणजे दर घरामागं जवळपास पन्नास हजार, आणि तेही पुढचा पाऊस यायच्या आत. बारापैकी पाच घरं नुसत्या पेन्शनवर चालतात.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी सेक्रेटरी काकांकडं बोट दाखवलं. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होतो, मीही मनात तेच करत होतो. नंतर नियम वाचायला घेतले, तेव्हा कळलं की काकांनी नियम अगदी तंतोतंत पाळला असता तरी भागलं नसतं.

आपल्याकडं सहकारी घरांची गोष्ट जुनी आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी उभी राहिली. मागं होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. त्याआधी १९०६ मध्ये त्यांनी शामराव विठ्ठल पतसंस्था काढली होती, तीच आजची एसव्हीसी बँक. म्हणजे आधी पैसा जमवायची सवय, मग घरं! हा क्रम मला फार आवडतो.

पुढं महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा आला आणि सोसायट्यांसाठी आदर्श उपविधी आले. त्यात सिंकिंग फंडाचा दर आहे: फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. रोजच्या डागडुजीसाठी दुरुस्ती निधी वेगळा, तो किमान ०.७५ टक्के. आता यातला "बांधकाम खर्च" म्हणजे कोणता? इमारत बांधताना झाला तो. आजचा नाही. घोळ इथंच आहे.

आमचंच गणित करू. समजा १९९७ ला एका फ्लॅटचं बांधकाम दोन लाखांत झालं. पाव टक्का म्हणजे वर्षाला ५०० रुपये, बारा घरांचे ६ हजार. २८ वर्षं न चुकता भरले आणि ६ टक्के व्याज मिळालं, तर चार लाखांच्या थोडं वर जमतात. पण बांधकामाचा भावही त्याच ६ टक्क्यांनी वाढला असं धरा. तेव्हा २४ लाखांत झालेली इमारत आज सव्वा कोटीची. त्यात चार लाख कुठं पुरणार? शिवाय उपविधीत "किमान" लिहिलंय, आणि सर्वसाधारण सभेला ते "कमाल" असंच ऐकू येतं. जास्त भरायचा ठराव करायला कोणाची मनाई नाही, फक्त हात वर कोण करणार?

याहून शहाणा हिशोब आपल्या गावावरून रोज धडधडत जातो, खरंच. वऱ्हाडचा कापूस मुंबईला न्यायला जीआयपी रेल्वेनं हे रूळ टाकले आणि १८६७ मध्ये लाईन नागपूरला पोचली. आपल्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. १९२१ ची ॲकवर्थ समिती रेल्वेच्या पैशाच्या कारभारावर भरपूर ताशेरे ओढून गेली. १९२४ मध्ये रेल्वेचं बजेट सरकारच्या बजेटपासून वेगळं काढलं आणि घसारा निधी सुरू झाला. पुढच्याच वर्षी जीआयपी सरकारच्या ताब्यात आली.

या निधीची मूळ कल्पना बघा. रूळ, इंजिन, पूल, प्रत्येकाचं आयुष्य किती ते ठरवायचं, आणि ते संपायच्या आत बदलायचे पैसे दरवर्षी बाजूला टाकायचे. अमेरिकेत सोसायट्यांसाठी आज जो "रिझर्व्ह स्टडी" करतात, तो हाच. गच्ची किती वर्षं टिकेल, लिफ्ट किती, पाण्याची टाकी किती, त्या वेळी खर्च किती येईल, आणि त्यावरून यावर्षी किती भरायचं. आमच्या इमारतीत मात्र आकडा गच्चीकडं बघून ठरत नाही, १९९७ च्या कागदाकडं बघून ठरतो.

पण अमेरिकेतही नुसता स्टडी करून भागत नाही. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या रात्री कोसळली, ९८ माणसं गेली. इंजिनिअरनं २०१८ मध्येच मोठं नुकसान लिहून दिलं होतं. दीड कोटी डॉलरची दुरुस्ती होती, वर्गणीवरून रहिवाशांत वाद सुरू होते, आणि शिल्लक निधी गरजेच्या मानानं नगण्य. त्यानंतर २०२२ मध्ये तिथं तीन मजले आणि त्यावरच्या इमारतींना असा स्टडी सक्तीचा झाला.

आपल्याकडं मुंबईवाले याला एक उत्तर देतात: रिडेव्हलपमेंट. फंड नसला तरी बिल्डर येतो, वाढीव एफएसआयवर जास्तीचे मजले विकतो आणि जुन्या सभासदांना नवीन घर देतो. तिथं जमिनीचा भावच सिंकिंग फंडाचं काम करतो. धामणगावात कोण बिल्डर येणार आहे? आठवडी बाजाराच्या गावात तिप्पट मजले बांधून विकायचे कोणाला? आपली इमारत आपल्यालाच सांभाळायची आहे, तरी नियमातला किमान दर मुंबईला आणि आपल्याला तोच.

मग मी एक एक्सेल केलं, माझ्या हातात तेवढंच आहे. सात ओळी: गच्ची, बाहेरचं प्लास्टर, रंग, पाइप, टाकी, मोटर, वायरिंग. समोर उरलेली वर्षं आणि आजचा भाव. उत्तर आलं, दर घरामागं महिन्याला ९०० रुपये. आतापर्यंत आम्ही १५० भरत होतो. ग्रुपवर टाकलं तर दोन दिवस कोणी बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला: "बावा, पेन्शनीतून ४०० देऊ शकतो. बाकीचं कसं करायचं ते सांग."

गच्चीचं काम दोन हप्त्यांत करायचं ठरलंय, पहिला हप्ता दिवाळीनंतर. काकूंच्या प्रश्नावर पुढच्या रविवारी सभा आहे.