बन्नीमंटप, कुतचा वेढा आणि पेलाभर रस

कानडीत शमीला बन्नी म्हणतात. म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक अंबाविलास राजवाड्यातून निघते आणि पाचेक किलोमीटर चालून ज्या ठिकाणी संपते ते बन्नीमंटप. पूर्वी महाराज इथे येऊन शमीची पूजा करत. पांडवांनी अज्ञातवासात जाताना शस्त्रं शमीवर ठेवली, तीच ही परंपरा. आपल्याकडे आपट्याचं सोनं लुटतात, इथे शमीला नमस्कार करतात. विजयादशमीच्या रात्री त्या मैदानावर मशालींची कवायत होते. घोडदळ, मशाली आणि सैन्याच्या मोटारसायकल पथकांच्या कसरती बघायला सगळं शहर लोटतं.

पण म्हैसूरच्या पोस्टिंगवर मला शस्त्रांपेक्षा शिध्याचा इतिहास जास्त सापडला. या एका शहरात अन्नाच्या दोन मोठ्या प्रयोगशाळा आहेत. राजघराण्यातल्या राजकन्येसाठी बांधलेल्या चेलुवांबा महालात 1950 साली केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. गावाच्या दुसऱ्या अंगाला 1961 साली संरक्षण खाद्य संशोधन प्रयोगशाळा आली, म्हणजे आपली डी.एफ.आर.एल. फळाचा रस काढल्यावर त्यातला कस किती वेळ टिकतो, कशाने जातो, तो चौकीपर्यंत कसा पोचवायचा, हा इथल्या कामाचा एक भाग. प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तराअभावी मराठा पलटणींचे जवान हिरड्यांतून रक्त येऊन लोळागोळा झाले होते, आणि त्याला फार तर शंभर-सव्वाशे वर्षं झाली.

नोव्हेंबर 1914 मध्ये सहावी पुणे डिव्हिजन इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव इथे उतरली आणि बसरा घेऊन वर सरकत गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मार खाऊन जनरल टाउनशेंड मागे फिरले आणि तिग्रिसच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा गावात अडकले. आत 103, 110 आणि 117 अशा तिन्ही मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, असा वेढा पडला. बाहेरून सुटकेचे प्रयत्न झाले, विमानातून पिठाची पोती टाकली गेली, तरी शेवटी सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली.

वेढ्यातली एक गोष्ट डॉक्टर मंडळी आजही शिकवतात. एकाच गावात, एकाच उपासमारीत गोऱ्या आणि देशी शिपायांना वेगवेगळे आजार झाले. गोऱ्यांना बेरीबेरी झाला, कारण त्यांच्या पांढऱ्या मैद्याच्या पावात कोंडा नव्हता. आपल्या लोकांना जवाचं आणि गव्हाचं कोंड्यासकट पीठ मिळत होतं, त्यामुळे ते बेरीबेरीतून वाचले, पण त्यांना स्कर्व्ही झाला. ताजी भाजी नाही, फळ नाही, आणि घोड्याचं मांस आपले लोक खाईनात. गोरे खात होते आणि त्या ताज्या मांसानेच त्यांना स्कर्व्हीपासून वाचवलं. गावी गेल्यावर भावकी काय म्हणेल, पोरीचं लग्न जमेल का, ही धास्ती त्या नकारामागे होती. याला अडाणीपणा म्हणणारे इंग्रज लेखक मी वाचले आहेत. ज्या माणसाला मरणापेक्षा गावाची जास्त भीती वाटते, त्याच्याबद्दल एवढं सोपं बोलू नये. शेवटी एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी ते मांस घेतलं, पण तोवर उशीर झाला होता.

आणि हा दोष काही एकट्या वेढ्याचा नव्हता. वेढ्याबाहेरच्या देशी पलटणींतही त्या वर्षी स्कर्व्ही पसरला. देशी शिपायाचा लढाईवरचा शिधा म्हणजे आटा, डाळ, तूप, गूळ, मीठ. पोट भरणारा, पण त्यात ताजं जवळजवळ काही नाही. मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल 1917 मध्ये आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना खुर्ची सोडावी लागली.

आता कोणी विचारेल, लिंबाचा उपाय तर इंग्रजांना दीडशे वर्षांपासून माहीत होता, मग हे झालं कसं? इथेच रसाची खरी गोष्ट सुरू होते.

मे 1747 मध्ये सॉल्झबरी जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टरने बारा आजारी खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं, आणि आठवडा व्हायच्या आत त्यातला एक कामाला लागला. एवढं स्वच्छ उत्तर हातात आल्यावर लिंडने जहाजांसाठी सुचवलं काय, तर लिंबू-संत्र्यांचा रस मंद आचेवर तासन् तास आटवून घट्ट काकवीसारखा करावा आणि बाटलीत भरावा. त्या आटवण्यातच कस उडून जात होता, आणि ते त्याला कळायला मार्ग नव्हता. ताजा रस नौदलाच्या शिध्यात आला 1795 मध्ये, गिल्बर्ट ब्लेन यांच्या आग्रहाने.

दुसरा घोटाळा नावाचा झाला. सुरुवातीला नौदल वापरत होतं ते भूमध्य समुद्राकडचं जाड सालीचं मोठं लिंबू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर वेस्ट इंडीजमधल्या इंग्रजी मळ्यांतलं लहान लिंबू आलं, आपल्या कागदी लिंबाच्या जातीचं. दोघांना ‘लाइम ज्यूस’ हे एकच नाव. लहान लिंबात कस मुळात कमी, त्यात तो रस पिंपांत महिनोन् महिने पडून राहायचा. 1875 साली नेअर्स यांची उत्तर ध्रुवाकडे निघालेली मोहीम हा रस भरून गेली आणि स्कर्व्हीने बेजार होऊन परतली. मग लोक म्हणू लागले की लिंबाचा काही उपयोगच नाही!

हा गुंता सोडवला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी बायकांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की ताज्या लहान लिंबाचा गुण मोठ्या लिंबाच्या साधारण चौथाई भरतो आणि बाटलीत साठवलेल्या रसात तर जवळपास काहीच उरत नाही. त्याच अभ्यासात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट निघाली. कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीवर काही नसतं, पण तेच भिजवून मोड आणले की कस तयार होतो. सर्बियन सैनिकांवर मोड आलेल्या घेवड्याची आणि ताज्या लिंबूरसाची तुलना झाली, तेव्हा घेवडा लिंबाच्या मागे पडला नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ मटकीचाच विचार करत होतो. मोड आलेली मटकी! ज्या घरांतून ते शिपाई कुतला गेले, त्या घरांत ती दर चार दिवसांनी फडक्यात बांधलेली असायची. शिध्याच्या डाळीऐवजी अख्खं कडधान्य असतं, तर भिजवून बांधायला ओलं फडकंच लागलं असतं. डाळ भरडली की मोड येत नाहीत.

ज्याला आज आपण क जीवनसत्त्व म्हणतो तो पदार्थ हाती लागला 1928 मध्ये आणि ओळख पटली 1932 च्या सुमारास. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांना 1937 चं नोबेल मिळालं. स्कर्व्ही टाळायला दिवसाला जेमतेम 10 मिलिग्रॅम पुरतं. आपल्या देशात यावरचं काम कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत झालं, जी पुढे हैदराबादला गेली. 1939-40 च्या हिस्सारच्या दुष्काळात स्कर्व्हीच्या रोग्यांना आवळा देऊन बरं केलं गेलं. शंभर ग्रॅम आवळ्यात काहीशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं आणि तो वाळवला तरी बरंच टिकतं, हा त्याचा मोठा गुण.

म्हैसूरचं काम या सगळ्याच्या पुढचं. रस तापवून आटवायचा नाही, तर गोठवून निर्वात जागेत त्यातलं पाणी काढून टाकायचं, म्हणजे लिंडने केलं ते टळतं. शहाळ्याचं पाणी पाऊचमध्ये टिकवायची पद्धत डी.एफ.आर.एल.ने बसवली. 1984 मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा बरोबरचा हलवा आणि पुलावही इथलाच. ज्यांनी हिमनदीवर दिवस काढले त्यांना सांगायला नको की वर ज्यूसचं खोकं विटेसारखं गोठतं. तिथे पुडीतली भुकटी आणि गरम पाणी हाच व्यवहार.

घरी मात्र आपल्याला ना पिंप आहे ना हिमनदी, तरी अनेक माजी सैनिक सकाळी रस काढून दुपारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवतात. क जीवनसत्त्वाचे तीन वैरी : उष्णता, हवा आणि तांबं. मिक्सर हवा घुसळून आत घालतो, म्हणून मिक्सरचा रस लगेच प्यावा. हाताने पिळलेलं लिंबू त्या मानाने बरं. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत आंबट घालू नये, हे आपल्या घरातल्या बायकांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. सरबताचा पाक गरम असताना त्यात लिंबू पिळू नये, गार झाल्यावर पिळावं. गाजर-बिटाच्या रसात लिंबू किंवा आवळा घातला तर चवही सुधारते. चोथा टाकून देऊ नका. साखरेचा त्रास असलेल्यांनी तर रसापेक्षा अख्खं फळच खावं.

आणि दुधी. सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर दुधीचा रस फार लोकप्रिय आहे, म्हणून हे ठळकपणे सांगतो. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं. 2010 मध्ये दिल्लीत असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू रस पिऊ नये, असा तिचा स्पष्ट सल्ला आहे. आधी दुधीची एक चकती कच्ची चाखा. कडू लागली तर थुंका आणि अख्खा दुधी टाकून द्या. कडूपणा झाकायला त्यात दुसरा रस मिसळू नका, आणि पिऊन पोटात कळ, उलटी किंवा जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत न बसता थेट मिलिटरी हॉस्पिटल किंवा जवळचा दवाखाना गाठा.