एमआय-१७ व्ही-५ : किती उचलतं, कुठे उतरतं आणि कधी येऊ शकत नाही

परतवाड्याहून धारणीकडे जाताना घाट ओलांडला की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. पावसाळ्यात झाड आडवं पडलं किंवा पुलावरून पाणी गेलं की हा रस्ता थांबतो, आणि पेशंटला घेऊन निघालेली जीप मध्येच अडकते. मग कुणीतरी म्हणतंच, "मिलिटरीचं हेलिकॉप्टर का नाही बोलावत?" माझ्या वर्गातली मुलंही हेच विचारतात. सवाल वाजवी आहे. त्याचं उत्तर मात्र हे यंत्र समजून घेतल्याशिवाय देता येत नाही.

आपल्या हवाई दलाकडे अशा कामासाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं हेलिकॉप्टर म्हणजे एमआय-१७ व्ही-५. रशियातल्या तातारस्तानची राजधानी कझान, तिथल्या कारखान्यात ते बनतं. (तातार मुस्लिमांचं हे जुनं शहर, भूगोलाच्या तासाला मी नकाशावर आवर्जून दाखवतो.) भारताने २००८ मध्ये ८० हेलिकॉप्टरांचा करार केला, २०१२ मध्ये ती हवाई दलात दाखल झाली, पुढे आणखी मागवली आणि एकूण संख्या १५१ झाली.

यात ३६ जवानांपर्यंत माणसं बसतात. रुग्णवाहिका म्हणून वापरलं तर १२ स्ट्रेचर मावतात. मागच्या बाजूला उतरती फळी उघडते, त्यामुळे सामान चढवणं सोपं. पोटात किंवा खाली दोराला लटकवून सुमारे ४ टन माल नेता येतो. जास्तीत जास्त वेग ताशी २५० किलोमीटर, आणि नेहमीच्या टाकीवर साधारण ५८० किलोमीटरचा पल्ला. नागपूरहून निघालं असं धरलं तर सेमाडोह सरळ रेषेत पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, म्हणजे पाऊण-एक तास. जाऊन परत येण्याइतकं इंधन टाकीत असतं.

पण हे सगळे आकडे एकाच वेळी मिळत नाहीत, आणि लोकांचा गैरसमज इथेच होतो. उड्डाणाच्या वेळी एकूण वजन १३ टनांपेक्षा जास्त चालत नाही. रिकामं हेलिकॉप्टरच साडेसात टनांच्या आसपास भरतं. उरलेल्या साडेपाच टनांत इंधन, पायलट, माणसं, सामान सगळं बसवायचं. लांब जायचं तर इंधन जास्त, म्हणजे माणसं कमी. त्यात हवा. पंखा हवेला खाली ढकलतो म्हणून यंत्र वर उठतं. हवा विरळ झाली की ताकद घटते. उंचावर हवा विरळ असते हे आपण शाळेत शिकतो, पण उन्हानेही ती विरळ होते हे विसरतो. १५ अंशांच्या मानाने ४२ अंशांना हवा साधारण ९ टक्के पातळ असते. सेमाडोह फार उंचावर नाही. इथे अडचण मे महिन्याची. जानेवारीत जेवढं उचललं जाईल तेवढं मे महिन्याच्या दुपारी उचललं जाईलच असं नाही.

आता उतरायचं कुठे? वरच्या पंख्याचा घेर २१ मीटरच्या वर आहे. सागाच्या जंगलात एवढी मोकळी जागा सहज सापडत नाही. उतार नको, सैल धूळ नको, विजेच्या तारा तर अजिबात नको. वरून त्या दिसतच नाहीत. पंख्याचा झोत इतका जबर की जवळच्या घरांची कवेलू आणि टिनं उडू शकतात. उतरता आलंच नाही तर दोराच्या पाळण्याने, म्हणजे विंचने, एकेक-दोनदोन माणूस वर घेतात. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ यंत्र हवेत एका जागी स्थिर ठेवणं पायलटसाठी सर्वात कठीण काम.

कधी आपल्या गावात उतरलंच तर एवढं ध्यानात ठेवा. लहान मुलांना हाताशी धरून लांब थांबा. ओढणी, टोपी, सतरंजी, प्लास्टिक सगळं घट्ट धरा किंवा घरात ठेवा. शेपटीकडे कुणीही जायचं नाही. तिथला छोटा पंखा फिरताना दिसत नाही. जवानाने खूण केल्याशिवाय एक पाऊल पुढे नाही.

मेळघाटात उन्हाळ्यात वणवे लागतात, म्हणून हेही सांगतो. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात आग लागली तेव्हा दोन एमआय-१७ व्ही-५ पाठवली होती. बांबी बकेट नावाची मोठी बादली दोराला बांधून सिलीसेढ तलावातून पाणी उचलायचं आणि आगीवर ओतायचं. एका खेपेला सुमारे ३,५०० लिटर. सेमाडोहच्या नावातच डोह आहे, पण बादली बुडवायला खोल आणि चहूबाजूंनी मोकळं पाणी लागतं. तसं पाणी शहानूर, वानसारख्या धरणांत, जंगलाच्या दक्षिण पायथ्याला. तिथून खेपा मारायच्या तर प्रत्येक खेपेला इंधन जळतं. त्यामुळे जाळरेषा काढणारा, झाडाच्या फांदीने आग झोडपणारा वनमजूरच अजून पहिला.

सर्वात मोठा अडसर ढगांचा. २५ जून २०१३ ला उत्तराखंडच्या पुरात बचावकार्यातलंच एक एमआय-१७ व्ही-५ गौरीकुंडजवळ कोसळलं, २० जण गेले. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर कोसळलं तेही याच जातीचं. हवामान अचानक बदललं, दरीत ढग शिरले आणि पायलटला दिशाभान राहिलं नाही, असं चौकशीत निघालं. यंत्रात बिघाड नव्हता. जुलैत सिपनेला पूर येतो तेव्हा घाटावरही ढग असेच बसलेले असतात. म्हणजे गरज सर्वात जास्त असते तेव्हाच उड्डाण सर्वात धोक्याचं.

बंगळुरूच्या एचएएलचं ध्रुव हे साडेपाच टनांचं, लहान, आपल्याच देशात बनलेलं. कमी जागेत उतरतं, डझनभर माणसं नेतं. पण ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघे गेले, आणि तिन्ही दलांसह तटरक्षक दलाची तीनशेहून अधिक ध्रुव काही महिने जमिनीवर थांबवावी लागली.

लष्कराला थेट फोन करून हेलिकॉप्टर येत नाही. मागणी जिल्हा प्रशासनाकडून राज्य सरकारमार्फत जाते, म्हणून गावाने आधी तहसीलदार आणि कलेक्टर कचेरी गाठायची. विदर्भात ही यंत्रणा चालते हे आपण पाहिलंय : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरनेच पोचवली. तिथे उतरायच्या जागा आधी ठरलेल्या होत्या. आपल्याकडे तारांपासून दूर असलेलं सपाट मैदान कोणतं, पेशंटला तिथवर कोणत्या वाटेने न्यायचं, हे पाऊस सुरू होण्याआधी ग्रामसभेत ठरवून तहसीलला लिहून देता येतं.