धम्म आणि धर्म : एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

नालासोपाऱ्यातील ज्या टेकाडाला परिसरातील लोक ‘बुरूड राजाचा किल्ला’ म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरले आणि एक बौद्ध स्तूप उजेडात आला. आतील दगडी पेटीत करंडक, सोन्याची फुले, आठ बुद्धमूर्ती आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. हे सारे ज्यांनी भक्तिभावाने पुरले, त्यांच्यापाशी धर्म होता की केवळ तत्त्वज्ञान? बौद्ध मताला धर्म म्हणावे काय, या प्रश्नाचा विचार आम्हांला या स्तूपापासूनच आरंभावासा वाटतो.

शंका घेणारे म्हणतात, बुद्धाने सृष्टिकर्ता ईश्वर मानला नाही, नित्य आत्मा मानला नाही, स्वतःला प्रेषितही म्हणवले नाही. मग ईश्वरावाचून धर्म कसा? ही कसोटी लावताना आम्ही ख्रिस्ती जनांनी तरी सावध असावे. दुसऱ्या शतकातील रोमन समाज आमच्या श्रद्धेतील पूर्वजांनाच ‘नास्तिक’ म्हणत होता, कारण ते त्याच्या देवतांना भजत नसत. संत जस्टिन यांना या आरोपाचे लेखी उत्तर द्यावे लागले. कसोटी ठरविणारा बहुधा स्वतःच्या देवघराकडे पाहूनच ती ठरवितो.

आमच्याच किनाऱ्यावर असा आणखी एक घोटाळा झाला. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो द कूतो याने कान्हेरीच्या लेण्यांविषयी लिहिताना बुद्धाचे चरित्र आणि संत जोसाफत यांची कथा यांतील साम्य हेरले. लोक मुळात जोसाफतलाच बुद्ध या नावाने भजू लागले असावेत, असा त्याचा तर्क होता. सत्य उलटे निघाले. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत ‘जोसाफत’ झाला आणि बुद्धाची कथा रोमन संतसूचीत २७ नोव्हेंबरच्या स्मरणापर्यंत पोहोचली. ज्याच्या त्यागाला आमच्या पूर्वजांनी अजाणता संतपद दिले, त्याच्या मार्गाला केवळ तत्त्वज्ञान म्हणणे आम्हांला जड जाते.

मूळ शब्दाकडे वळू. सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. त्याच्या लेखांतील ‘धम्म’ संपूर्ण बौद्ध सिद्धान्ताशी एकरूप नाही, असे अनेक विद्वान मानतात. तो मुख्यतः सदाचाराचा उपदेश आहे. कंदाहार येथे १९५८ साली सापडलेल्या अशोकाच्या ग्रीक लेखात ‘धम्म’साठी ‘युसेबिया’, म्हणजे पूज्यभाव, हा शब्द योजलेला आहे. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील भक्तिभावालाही मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. म्हणजे त्या प्राचीन भाषांतरकाराला येथे श्रद्धेचे आणि आचरणाचे नाते दिसले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेतली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी रिलिजन आणि धम्म यांत भेद केला : रिलिजन वैयक्तिक, धम्म सामाजिक, धम्मात ईश्वराची जागा नीतीने घेतलेली. तरीही त्यांनी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. निव्वळ विचारप्रणाली कोणी अशी शरण जाऊन स्वीकारीत नाही.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचे स्पष्टीकरण धर्मसंस्थांच्या संदर्भात ‘हिंदू’ या शब्दात बौद्धांचा समावेश करते, तर १९९३ च्या अधिसूचनेने बौद्ध स्वतंत्र अल्पसंख्य ठरले. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा लाभ १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला; ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो आजही मिळत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांपैकी सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. धर्माच्या व्याख्येवर माणसाचा हक्क अवलंबून असेल, तर ती व्याख्या करताना शाई जपून वापरावी लागते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात बौद्ध मताचा उल्लेख जगातील धर्मांमध्ये आदराने केला. आमचेही मत तेच आहे : बौद्ध धम्म हा धर्म आहे. ईश्वराविषयीचा आमचा मतभेद खरा आहे आणि तो लपवू नये. परंतु दुःखाला सामोरे जाण्याचा मार्ग, संघ, शील आणि शरण जाण्याची जागा ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्यापाशी धर्म आहे. सोपाऱ्यात सोन्याची फुले वाहणाऱ्या हातांना तो ठाऊक होता.