दोन टक्क्यांच्या बाहेरचा पैसा

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला एखाद्या संस्थेने खेळाडू पाहुणे बोलावून, जोडीला गाणी आणि नकला ठेवून मदतनिधीची संध्याकाळ करायचे ठरवले, की शहाणी माणसे मान हलवू लागतात. त्यांचे म्हणणे असे: इथे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, शेजारी १९६९ पासून वीज देणारे अणुकेंद्र आहे, कंपन्यांना सीएसआरचे (म्हणजे सामाजिक जबाबदारीचे) दोन टक्के कायद्यानेच खर्चावे लागतात. मग क्रिकेटपटूला शाल-श्रीफळ देऊन आणि तिकिटे गळ्यात मारून पैसे कशाला जमवायचे? निम्मा पैसा मंडप, जेवण आणि मानधनात जातो. द्यायचेच असेल तर सरळ चेक द्यावा.

हा पूर्वपक्ष हिशेबी आहे, म्हणून आधी त्याचा हिशेबच तपासू.

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ सरसकट सगळ्यांना लागू नाही. कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांतली एक तरी पायरी गाठली तरच मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चायचे बंधन येते. तारापूरच्या वसाहतीत मोठी नावे आहेत, पण तिचा बराचसा गाडा लहान-मध्यम कारखान्यांवर चालतो. भागीदारीतल्या कारखान्याला तर कंपनी कायदाच लागू नाही. मजूर पुरवणारा ठेकेदार, टेम्पोंचा मालक, नवापूर रस्त्यावरचा हार्डवेअरवाला, दवाखाना थाटून बसलेला डॉक्टर, अणुकेंद्रातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ यांपैकी कोणाचाही पैसा त्या दोन टक्क्यांत नाही. आणि ‘सरळ चेक द्या’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की या मंडळींकडे चेक मागायला आजवर कोण गेले? तिकीट घेऊन मात्र ओळखीचा माणूस दारात येतो. त्याला नाही म्हणणे बोईसरसारख्या गावात सोपे नसते. या भिडेला मी दोष मानत नाही. आपल्याकडची वर्गणी बहुतेक भिडेवरच जमत आली आहे.

सीएसआरच्या पैशाचा स्वभावही लक्षात घ्यावा. त्याला प्रकल्प लागतो, संचालक मंडळाची मंजुरी लागते, कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसणारा विषय लागतो. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असे कायदा म्हणतो खरा, पण मंजुरीची सही बहुधा दूरच्या मुख्य कार्यालयात होते. वर्गखोली बांधून मिळते, रुग्णवाहिका मिळते. पण याच जिल्ह्यातल्या मोखाड्याहून नाशिकला किंवा तलासरीहून वलसाडला रोगी हलवायचा, तर सोबतच्या नातेवाइकाचे भाडे, त्याचे दोन वेळचे जेवण आणि बुडालेली मजुरी ही रक्कम प्रकल्प-अहवालात सहसा बसत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बालमृत्यूंवर तीस-पस्तीस वर्षे अहवाल लिहिले जात आहेत. त्या भागात काम करणाऱ्या संस्थेला रात्री अकरा वाजता, कोणाला न विचारता खर्चता येईल असा पैसा हाताशी लागतो. तो तिकिटांतून येतो.

आक्षेपकांचा हुकमी पत्ता वेगळाच आहे. जून २०१४ च्या परिपत्रकात केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने मॅरेथॉन, पुरस्कार-सोहळे अशा एकदाच होणाऱ्या कार्यक्रमांवरचा खर्च सीएसआरमध्ये धरता येणार नाही, असे स्पष्ट केले. ‘बघा, सरकारलाही हे पटत नाही!’ पण परिपत्रकाचा अर्थ नेमका उलटा लागतो. कार्यक्रमाचे प्रायोजकत्व त्या दोन टक्क्यांत मोजता येत नाही, म्हणजे दोन टक्के देणाऱ्या कंपनीने व्यासपीठामागच्या फलकासाठी पैसे मोजले तर ते जाहिरातीच्या खात्यातून जातात. अनिवार्य खर्चाला हात न लागता वर आणखी रक्कम येते. तिच्यातून मंडप आणि साउंड भागले, की तिकिटाचा रुपया अखंड राहतो.

‘हा थाट परका, पंचतारांकित’ हेही ऐकवले जाते. पण ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक झाले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे नट एका रंगमंचावर, आणि तिकिटे चढ्या दराची. ‘सरळ फंडातच द्या’ हा सल्ला तेव्हाही देता आला असता. खेळाचेही तसेच. १९४२-४३ च्या हंगामात मुंबईत एक प्रथमश्रेणी सामना झाला, त्यातल्या संघांची नावेच ‘बिजापूर दुष्काळ’ आणि ‘बंगाल चक्रीवादळ’ अशी होती! १९८३ मध्ये तर उलटी गंगा वाहिली. विश्वचषक जिंकलेल्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत पुरेसे पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत मानधन न घेता कार्यक्रम केला आणि त्यातून खेळाडूंना प्रत्येकी एक लाख मिळाले. आजच्या क्रिकेटपटूंना या उधारीची आठवण करून द्यायला हरकत नाही.

खेळाडूच कशाला, एखादा समाजसेवक का नको? कारण पालघरमध्ये खेळाडू हा आपला माणूस असतो. क्रिकेटपटू शार्दूल ठाकूर किटबॅग घेऊन इथूनच लोकलने मुंबईला जात असे. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावरही तो लोकलनेच घरी आला, ही बातमी या जिल्ह्याने कौतुकाने वाचली. अशा माणसाला बघायला कारखानदार येतो, शिक्षक येतो आणि पाड्यावरचा कबड्डीपटूही येतो. समाजसेवकाच्या व्याख्यानाला आधीच पटलेले लोक जमतात. (तिथेही चहाचा खर्च असतोच.)

एक गोष्ट मात्र आक्षेपकांची खरी आहे, आणि ती मान्य केल्याने माझी बाजू लंगडी होत नाही. हिशेब गुलदस्त्यात राहतो. नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी निधी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची असते. गणेश मंडळांना हे पाठ आहे, हौशी आयोजकांना ठाऊक नसते. तिकिटांची जमा, प्रायोजकांची जमा, मानधनासह सगळा खर्च आणि संस्थेला दिलेली रक्कम, या चार ओळी कार्यक्रमानंतर महिनाभरात छापून लावायला अवघड काय आहे? पाहुण्याचे मानधन तिकिटांच्या जमेहून जास्त भरले, तर त्या संध्याकाळपुरता मी आक्षेपकांच्या रांगेत बसेन. मग आयोजकांनी तिला सत्कार समारंभ म्हणावे आणि पत्रिकेवरून मदत मिळणाऱ्या संस्थेचे नाव काढावे.