सारस संरक्षण याचिका, भंडारा–गोंदिया–चंद्रपूर

सारस क्रौंचाच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये वृत्तपत्रीय बातम्यांवरून स्वतःहून दाखल करून घेतलेली जनहित याचिका. अर्जदार नसलेल्या अशा प्रकरणात बाजू मांडायला न्यायालय वकिलाची ‘न्यायमित्र’ म्हणून नेमणूक करते. तसे येथेही झाले.

पक्षी : उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, सुमारे 1.8 मी. महाराष्ट्रात त्याचा वावर मुख्यतः वैनगंगा खोऱ्याच्या धानपट्ट्यात उरला आहे. याचिकेच्या सुमारास गोंदियात तीस-चाळीस, तर भंडाऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सारस होते. नदीपलीकडच्या बालाघाटातील (मध्य प्रदेश) पक्षी याच थव्यांतले. पण तो जिल्हा या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर. जोडी पावसाळ्यात बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठी किंवा थेट बांधीत (धानाच्या खाचरात) धानाची रोपे व लव्हाळे उपटून त्यांचा ढीग रचते आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालते. अंडी उबायला महिनाभर लागतो. तेवढ्या जागेचे पीक शेतकऱ्याच्या हातून जाते.

विजेच्या तारा : सुनावणीत गाजलेला विषय. सारसाच्या पंखांचा पसारा सुमारे 2.4 मी.; शेतांवरून जाणाऱ्या 11 केव्ही वाहिनीच्या दोन तारांमधले अंतर त्याहून पुष्कळ कमी. पहाटे धुक्यात बांधीवरून उठणाऱ्या जड पक्ष्याला चटकन वळता येत नाही आणि एकाच वेळी दोन तारांना स्पर्श झाला की तो जागीच मरतो. तारांवर आवरण चढवणे आणि वाहिन्या भूमिगत करणे हे उपाय पुढे आले. खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र चिवट ठरला. 2021 मध्येच, 19 एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयाने एम. के. रणजितसिंह प्रकरणात माळढोक पक्ष्याच्या प्रदेशातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. 21 मार्च 2024 रोजी तो सौम्य करण्यात आला.

समित्या : तिन्ही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली सारस संवर्धन समित्या स्थापन झाल्या.

कीटकनाशके : धानावरील फवारणीचा प्रश्न उपस्थित झाला.

पाणथळी : प्रकरणाचा खरा पेच येथे आहे, तरी त्याची चर्चा तारांच्या मानाने कमीच होते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव मालगुजारी (जमीनदारीची जुनी पद्धत) गेल्यावर शासनाकडे आले व ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. 100 हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. पाणथळ संवर्धन नियम, 2017 यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. मामा तलाव तर सिंचनासाठीच बांधलेले. म्हणजे सारस जेथे चरतो व घरटे करतो, नेमकी तीच जागा ‘पाणथळ’ या कायदेशीर संज्ञेबाहेर पडू शकते. तलावातील गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी), बेशरम या तणाची वाढ आणि काठावरची अतिक्रमणे तारांइतकीच घातक आहेत. ती न्यायालयापुढे मांडणे अवघड, कारण त्यांना एक ठरावीक जबाबदार खाते नाही.

गणना : साधारणतः जूनमध्ये, रोवणीपूर्वी, वन विभाग व स्वयंसेवी संस्था रात्रथाऱ्यांवर (पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागी) पहाटे एकाच वेळी मोजणी करतात. या मोजणीतून एकूण संख्या कळते. घरटी किती यशस्वी झाली, हे तिच्यातून समजत नाही.

संबंधित प्रकरण : जमिनीच्या कायदेशीर संज्ञेचाच प्रश्न असलेले झुडपी जंगल प्रकरण (सर्वोच्च न्यायालय, 22 मे 2025). पूर्व विदर्भातील झुडपी (खुरट्या झुडपांच्या) जमिनी त्याच न्यायालयाच्या, ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावणाऱ्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशानुसार वनच ठरवल्या गेल्या. भंडारा त्यात येतो.

आकड्यांविषयी : 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत त्याचा प्रदेश भंडारा जिल्ह्यातच होता. त्यामुळे जुन्या नोंदींतील ‘भंडाऱ्याचे सारस’ आजच्या जिल्ह्याचे धरू नयेत.