वऱ्हाडातील दोन दरवाजे व स्थापत्येतिहासाची परिभाषा

जगाच्या स्थापत्याचा इतिहास शिकविताना शैलींना धर्माची किंवा वंशाची नावे देण्याची पद्धत रूढ आहे. बॅनिस्टर फ्लेचर यांच्या ग्रंथाच्या १९०१ च्या आवृत्तीत तर भारतीय, चिनी, जपानी व सारासेनिक शैली ‘अनैतिहासिक’ म्हणून वेगळ्या काढल्या होत्या. ही परिभाषा कितपत टिकते, हे वऱ्हाडातील दोन दरवाजांवरून पाहण्याजोगे आहे.

अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळी, इ. स. १४८७ मध्ये, फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. त्याची कमान टोकदार. दर्शनी भागावर अरबी लिपीतील लेख, तसेच दगडात कोरलेली कमळे. बाजूंस जाळीदार सज्जे. लोकांच्या तोंडी नाव मात्र देवीचे. अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. हा दोन मुखांचा पक्षी विजयनगरच्या राजचिन्हांपैकी एक. फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलुखातील कानडी कुळातला, असे फरिश्ता सांगतो. त्यावरून या शिल्पाचा संबंध इमादशाहीशी जोडला जातो. ते अनुमान संभाव्य आहे. परंतु केवळ चिन्हावरून करविणाऱ्याचे कूळ सिद्ध होत नाही. चिन्ह कारागिराबरोबरही प्रवास करते.

येथे भाषाशास्त्राचा दृष्टान्त उपयोगी पडतो. ‘मिहराब’ म्हणजे मशिदीतील किब्ल्याची दिशा दाखविणारा कोनाडा. त्याच शब्दापासून आलेली मराठी ‘महिरप’ मात्र गौरी-गणपतीच्या मखरावर शोभते. तेथे तिला कोणी परकी म्हणत नाही. व्युत्पत्ती शब्दाचे मूळ सांगते, अर्थ मात्र वापरातून ठरतो. स्थापत्यरूपांचेही तसेच आहे. कॉर्दोबाच्या मशिदीत जुन्या रोमन इमारतींचे स्तंभ बसविले आहेत. म्हणून ती मशीद रोमन ठरत नाही, आणि ते स्तंभ निव्वळ उसनेही राहत नाहीत.

तेव्हा ‘हा दरवाजा हिंदू की इस्लामी’ हा प्रश्नच सदोष आहे. तो कोणी करविला, कोणी घडविला, कोणते रूप कोठून आले व येथे त्याने कोणते काम केले, असे चार प्रश्न निरनिराळे विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे एकच असतील असे गृहीत धरल्यास लेख वाचणाऱ्याला कमळ दिसत नाही आणि कमळ पाहणाऱ्याला लेख दिसत नाही. नरनाळ्याचा दरवाजा समजून घेण्यास दोन्ही लागतात. जगाचा स्थापत्येतिहास शिकण्याचा आरंभही येथूनच करता येईल.