नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असतोच असं नाही. गाडीचा टायर कधी बदलायचा, हे असं ओळखा

टायरवर नक्षी दिसतेय, म्हणजे अजून एक हंगाम निघेल, असा हिशेब गावोगावी केला जातो. शहरात रोज धावणाऱ्या गाडीला तो काही अंशी लागू पडतो. खेड्यातली गाडी मात्र वेगळी वापरली जाते. बाजार, दवाखाना, लग्नकार्य एवढंच तिचं फिरणं. बाकीचे दिवस ती लिंबाखाली नाही तर पत्र्याच्या शेडसमोर उन्हात उभी असते. वर्षाला फार किलोमीटर होत नाहीत, त्यामुळे नक्षी झिजत नाही. पण टायरचं रबर आतून वाळत जातं. मग एक दिवस तीच गाडी सात माणसं आणि सामान घेऊन समृद्धी महामार्गावर चढते. गावच्या रस्त्यावर चाळीसने चालणारा टायर तिथं तासन् तास शंभरच्या पुढे पळतो. तिथं समृद्धीवर कारला ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. मेहकर, सिंदखेड राजा भागातून हा रस्ता आता दाराशीच आहे, त्यामुळे टायर तपासायची सवय लावून घेतलेली बरी.

नक्षी किती हवी?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. दुचाकी आणि तीनचाकीला ही मर्यादा 0.8 मिलिमीटर आहे. नवीन कार टायरची नक्षी साधारण 7 ते 8 मिलिमीटर असते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. टायरच्या बाजूला वरच्या कडेजवळ बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. त्या खुणेसमोरच्या खाचेत रबराचा छोटा उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली, की टायर संपला. उंचवटा सापडत नसेल तर आगपेटीची काडी खाचेत उभी धरावी, नखाने खूण करावी आणि पोराच्या कंपासमधल्या पट्टीवर मोजावी. एकाच जागी मोजून भागत नाही. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी मोजावं.

खाचांचं मुख्य काम पाणी बाहेर फेकायचं. कोरड्या डांबरीवर गोटा झालेला टायरसुद्धा बरा चालतो, म्हणून चालवणाऱ्याला धोका कळत नाही. पावसात मात्र पाण्याला जायला वाट राहत नाही. गाडी पाण्याच्या थरावर तरंगते, ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही ऐकत नाहीत. म्हणून कायद्याची मर्यादा 1.6 असली तरी नक्षी 3 मिलिमीटरच्या खाली गेल्यावर त्या टायरवर पावसाळा काढू नये, असा जाणकारांचा सल्ला असतो.

टायरचं वय कुठं लिहिलेलं असतं?

टायरच्या बाजूला ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. उदाहरणार्थ, 3518 असेल तर टायर 2018 सालच्या 35 व्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टअखेरीस बनला. बाहेरून आकडे दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूला बघावेत. बऱ्याच टायरवर ते एकाच बाजूला असतात.

अनेक गाडी कंपन्या 6 वर्षांनी टायर बदलायला सांगतात. काही टायर कंपन्या 5 वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि 10 वर्षांनंतर कसाही दिसला तरी काढून टाका, असं सांगतात. हे स्टेपनीलाही लागू आहे. दहा वर्षं डिकीत पडलेली, कधीच न वापरलेली स्टेपनी नवी दिसते, पण ती नवी नसते.

हे दिसलं तर गाडी काढू नका

फुगा : टायरच्या बाजूला आवाळूसारखा उंचवटा आला, तर आतले धागे तुटलेले असतात. बहुतेक वेळा खड्ड्यात जोरात आदळल्यावर हे होतं. याची दुरुस्ती होत नाही.

चिरा : उन्हाने वाळलेल्या टायरच्या बाजूला आणि खाचांच्या बुडाशी बारीक भेगा पडतात. नखाने उघडतील इतक्या खोल असतील तर टायर बदलावा.

तार किंवा धागा : कुठेही दिसला की विषय संपला.

बाजूचं पंक्चर : पंक्चर फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातलंच काढावं. बाजूला भोक पडलं असेल तर टायर बदलावा.

झीज काय सांगते?

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल, तर हवा कमी ठेवली जाते. मध्यच झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलंय. जागोजागी खड्डे पडल्यासारखं झिजलं तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघावं. हे दुरुस्त न करता नवीन टायर टाकला तर तोही तसाच जाईल.

कमी हवा सगळ्यात घातक

टायर फुटण्यामागे कमी हवा हे मोठं कारण असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते, रबर आतून तापतं. त्यात जास्त माणसं, ऊन आणि वेग आला की टायर फाटतो. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. हवा टायर थंड असताना तपासावी. लांब पळून आल्यावर हवा जास्त दाखवते, म्हणून ती काढू नये.

जुना टायर घेताना

काही ठिकाणी गुळगुळीत टायरला गरम पात्याने पुन्हा खाचा पाडून, वर काळं पॉलिश मारून विकतात. नवी नक्षी कोरली तरी आतलं रबर तेवढंच पातळ राहतं. खाचेतला उंचवटा गायब असेल, खाचा वाकड्यातिकड्या असतील किंवा तारखेचे आकडे घासलेले असतील, तर असा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

दोनच टायर बदलायची ऐपत असेल तर नवीन जोडी मागे टाकावी, असं टायर कंपन्या सांगतात. ओल्या रस्त्यावर मागचे टायर सुटले की गाडी गरकन फिरते आणि साध्या चालकाला ती आवरत नाही.

प्रवासाआधी पाच मिनिटं

1. चारही टायर आणि स्टेपनीची हवा, टायर थंड असताना.
2. प्रत्येक टायरची नक्षी तीन ठिकाणी.
3. दोन्ही बाजूंना हात फिरवून फुगा, चिरा, अडकलेला खिळा.
4. चार आकड्यांवरून वय.
5. जॅक आणि पाना गाडीत आहे का.

एवढं करूनही पळत्या गाडीचा टायर फुटला, तर ब्रेकवर उभं राहू नये. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ घट्ट धरावं, रेस हळूहळू सोडावी, वेग उतरल्यावरच गाडी कडेला घ्यावी आणि इंडिकेटर चालू करून सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे उभं करावं.

काढलेला टायर वाया जात नाही. बैलगाडीला तो अजून कामाला येतो, कारण बैलाच्या चालीला त्याचं वय भोवत नाही. दुसऱ्याच्या गाडीला मात्र तो विकू नये.